अमेरिकेतील कोळसा खाणी: कायदा असूनही डोंगर का वाचले नाहीत?

मुक्ता स. (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गेले काही महिने मी अमेरिकेच्या अ‍ॅपलाचिया भागातील, म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया, पूर्व केंटकी आणि व्हर्जिनियाचा नैर्ऋत्य कोपरा येथील कोळसा खाणींविषयी वाचत आहे. जसजसे वाचत जाते तसतसा एक प्रश्न अधिकच छळू लागतो, म्हणून तो येथे मांडते.

२६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील लोगन काउंटीत बफेलो क्रीक या ओढ्यावरचा एक बांध फुटला. पिट्स्टन कंपनीने तो खाणीच्या कचऱ्यानेच घातला होता. सुमारे ५० कोटी लिटर काळे पाणी अरुंद दरीतून खाली आले, १२५ माणसे मेली आणि चार हजारांहून अधिक बेघर झाली. चारच दिवस आधी केंद्रीय निरीक्षकाने पाहणी करून बांध समाधानकारक ठरवला होता, आणि दुर्घटनेनंतर कंपनीच्या बाजूने ही ईश्वरी करणी असल्याचे सांगण्यात आले. राज्याने १० कोटी डॉलरांचा दावा लावला, पण गव्हर्नर आर्च मूर यांनी १९७७ मध्ये पद सोडण्यापूर्वी तो १० लाख डॉलरांवर मिटवला. त्याच वर्षी उघड्या खाणींवर नियंत्रण आणणारा केंद्रीय कायदाही झाला.

त्यानंतर तरी हे थांबायला हवे होते. प्रत्यक्षात ११ ऑक्टोबर २००० रोजी केंटकीतील मार्टिन काउंटीत मॅसी एनर्जी या कोळसा कंपनीच्या उपकंपनीच्या गाळतलावाचा, म्हणजे कोळसा धुतल्यावर उरणारा गाळ साठवण्याच्या तलावाचा, तळ खालच्या जुन्या खाणीत खचला आणि सुमारे ३० कोटी गॅलन, म्हणजे ११० कोटी लिटरांहून अधिक, गाळ ओढ्यांत उतरला. अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ जहाजातून जेवढे तेल सांडले होते, त्याच्या पंचवीसपटीहून अधिक हा गाळ होता. केंद्रीय खाणसुरक्षा यंत्रणेने ठोठावलेला दंड अपिलात घटत घटत साडेपाच हजार डॉलरांच्या आसपास येऊन थांबला, जरी राज्याला कंपनीने वेगळी भरपाई दिली.

कायदा होता, न्यायालये होती, वृत्तपत्रे लिहीत होती. तरीही हे पन्नास वर्षे कसे चालले? कंपन्यांचा लोभ हे उत्तर सर्वत्र मिळते आणि ते खोटे नाही, पण मला ते अपुरे वाटते. लोभ सगळ्याच धंद्यांत असतो. तो डोंगर पाडण्यापर्यंत नेमक्या कोणत्या वाटेने पोहोचतो आणि त्या वाटेवर त्याला कोणी अडवत का नाही, हे जाणकारांनी समजावून सांगावे अशी विनंती आहे.

भूस्तर

मुक्ताताई, आपल्या प्रश्नाचे एक उत्तर जमिनीखालच्या थरांत आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो. माझा व्यवसाय खाणकामाशी संबंधित आहे, त्यामुळे थोडे तांत्रिक झाले तर सांभाळून घ्यावे.

मध्य अ‍ॅपलाचियातील कोळसा डोंगरांत जवळजवळ आडव्या थरांत पसरलेला आहे. थर एकावर एक अनेक असतात, पण त्यांतले बरेचसे मीटरभरही जाड नसतात. असा थर भूमिगत खाणीतून काढायचा तर माणसे लागतात, छताला आधार द्यावा लागतो, हवा खेळती ठेवावी लागते, आणि बराचसा कोळसा खांबांच्या रूपाने आतच सोडून द्यावा लागतो. याउलट डोंगराचा माथाच सुरुंगांनी उडवला तर सगळे थर वरून एकेक करून उघडे पडतात आणि मोजक्या माणसांत जवळजवळ सगळा कोळसा हाती येतो. यालाच तेथे माउंटनटॉप रिमूव्हल म्हणतात. १९९० नंतर हवेच्या प्रदूषणाचे नियम कडक झाल्याने कमी गंधकाच्या कोळशाला मागणी वाढली, आणि असा कोळसा याच डोंगरांत होता. वीजनिर्मिती केंद्राच्या धुरांड्यातून निघणारी हवा सुधारण्यासाठी केलेल्या नियमाचा भार अशा रीतीने दुसऱ्याच प्रदेशातील डोंगरांवर पडला.

आता त्या फोडलेल्या खडकाचे काय करायचे? खडक फोडला की फुगतो आणि पूर्वीच्या जागेत मावत नाही. तो लांब वाहून नेणे महाग आणि शेजारच्या दरीत ढकलणे सर्वांत स्वस्त. त्या दऱ्यांत ओढ्यांचे उगम असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच अभ्यासानुसार १९८५ ते २००१ या काळात ७२४ मैल, म्हणजे साडेअकराशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे ओढे अशा भरावाखाली गाडले गेले. भरावातून झिरपणाऱ्या पाण्यात सेलेनियम आणि क्षार येतात, त्यामुळे कित्येक मैल खालच्या प्रवाहातील मासे आणि कीटकही बाधित होतात.

१९७७ च्या कायद्याने खाण संपल्यावर जमीन साधारण मूळ आकाराला आणण्याचे बंधन घातले होते. मात्र त्याच कायद्यात एक सूट होती: त्या सपाट जागेचा पुढे उद्योग, शेती, वस्ती किंवा सार्वजनिक कामासाठी अधिक चांगला उपयोग होणार असेल, तर माथा पुन्हा उभारण्याची गरज नाही. काही जागांवर शाळा आणि तुरुंग खरोखर उभे राहिले. बहुतेक जागांवर दाबून बसवलेल्या कठीण मातीवर गवत पेरले गेले, आणि जेथे पूर्वी अमेरिकेतील सर्वांत विविधतेने भरलेल्या समशीतोष्ण जंगलांपैकी एक होते, जेथून लोक पिढ्यान् पिढ्या जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळे खणून आणत होते, तेथे झाडे सहजी परत येत नाहीत.

न्यायालयांविषयीही सांगतो, कारण ती गप्प नव्हती. १९९९ मध्ये चार्ल्स हेडन या केंद्रीय न्यायाधीशांनी वाहत्या ओढ्यांत भराव टाकणे बेकायदा ठरवले. २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण भराव योग्य आहे म्हणून नव्हे, तर राज्याच्या अधिकाऱ्यांवर केंद्रीय न्यायालयात असा दावा चालत नाही म्हणून. २००२ मध्ये बुश प्रशासनाने भराव या संज्ञेची व्याख्याच बदलली आणि खाणीचा टाकाऊ खडक तीत बसवला. हेडन यांनी त्याविरुद्धही निकाल दिला, आणि तोही २००३ मध्ये रद्द झाला. पुढे २०१६ च्या अखेरीस ओढ्यांच्या संरक्षणासाठी नवा नियम आला, तो संसदेने फेब्रुवारी २०१७ मध्ये, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, मोडीत काढला. ज्या वेळी कायद्याचे बोट नेमके ओढ्यावर टेकले, त्या प्रत्येक वेळी कोणी ना कोणी ते उचलून बाजूला ठेवले.

पिट्सबर्गवासी

भूस्तर यांनी खडकाचा हिशेब मांडला आहे. मी पैशाचा मांडतो, कारण माझ्या मते मुक्ताताईंच्या प्रश्नाचे मुख्य उत्तर तेथे आहे. लोभ नफा घेण्यात तर दिसतोच, पण देणी कोणाच्या नावावर ठेवली जातात यात तो अधिक स्पष्ट दिसतो.

पीबॉडी ही अमेरिकेतील सर्वांत मोठी कोळसा कंपनी. २००७ मध्ये तिने आपल्या अ‍ॅपलाचियातील खाणी वेगळ्या काढून पेट्रियट कोल नावाची स्वतंत्र कंपनी केली. खाणींबरोबर हजारो निवृत्त कामगारांच्या वैद्यकीय खर्चाची जबाबदारीही पेट्रियटकडे गेली. त्याआधी २००५ मध्ये आर्च कोल या दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही जुन्या देण्यांसह आपल्या काही खाणी मॅग्नम या कंपनीकडे सोपवल्या होत्या, आणि २००८ मध्ये पेट्रियटने मॅग्नमला विकत घेतले. दोन्ही बड्या कंपन्यांची देणी एका अशक्त कंपनीत जमा झाली. जुलै २०१२ मध्ये पेट्रियट दिवाळखोर झाली, तेव्हा ज्या निवृत्तांचा खर्च ती उचलत होती त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी पेट्रियटमध्ये एक दिवसही काम केलेले नव्हते. खाण कामगार संघटनेने सेंट लुईसला पीबॉडीच्या मुख्यालयासमोर वारंवार निदर्शने केली, लोक अटक करवून घेत राहिले, आणि अखेर २०१३ मध्ये पीबॉडीला निवृत्तांच्या निधीसाठी ३१ कोटी डॉलर देणे मान्य करावे लागले. पेट्रियट २०१५ मध्ये पुन्हा बुडाली. कामगारांचे निवृत्तिवेतन शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने कायदा करून वाचवले, म्हणजेच करदात्यांनी.

कायद्यानुसार खाण सुरू करण्यापूर्वी कंपनीने जमीन पूर्ववत करण्याची हमी म्हणून रक्कम किंवा विमापत्र ठेवायचे असते. पण काही राज्यांत मोठ्या कंपन्यांना स्वतःच्याच ताळेबंदावर हमी देण्याची मुभा होती. आमची मालमत्ता एवढी आहे, तीच हमी समजा, एवढे सांगून भागत असे. ऑगस्ट २०१५ मध्ये अल्फा नॅचरल रिसोर्सेस ही मोठी कोळसा कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा वायोमिंग राज्याकडे तिची ४१ कोटी १० लाख डॉलरांची अशी हमी होती, आणि दिवाळखोरीच्या वाटपात त्यांपैकी ६ कोटी १० लाखांपुरताच आपला अग्रक्रम मान्य करून घेऊन राज्याने तडजोड केली. त्याच दिवाळखोरीत वरिष्ठ अधिकाऱ्यांना सुमारे १ कोटी १९ लाख डॉलरांपर्यंत बोनस देण्यास न्यायालयाने मंजुरी दिली. हे वाचून मला आजही संताप येतो.

दंडाचेही असेच आहे. मॅसीने पाण्याच्या परवान्यांचा सुमारे साडेचार हजार वेळा भंग केल्याचा आरोप होता. कायद्याच्या कमाल दराने तो दंड २४० कोटी डॉलरांच्या घरात गेला असता. जानेवारी २००८ मध्ये तो २ कोटींवर मिटला. ज्या कंपनीला नियम पाळण्याचा खर्च याहून जास्त येतो, ती दंड हा धंद्याचा खर्च समजून चालते.

मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये खाणींच्या अधीक्षकांना एक लेखी सूचना पाठवली होती. कोळसा काढण्याखेरीज दुसरे काही काम कोणी सांगितले तर तिकडे दुर्लक्ष करून कोळसाच काढा, असा तिचा आशय होता. ५ एप्रिल २०१० रोजी त्यांच्या अपर बिग ब्रँच खाणीत मिथेन आणि कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन २९ कामगार मेले. निरीक्षक दारात आले की आत खबर दिली जाई आणि सुरक्षेच्या नोंदींच्या दोन वह्या ठेवल्या जात, हे चौकशीत उघड झाले. ब्लँकनशिप २०१५ मध्ये सुरक्षा नियमांचा जाणीवपूर्वक भंग करण्याच्या कटाबद्दल दोषी ठरले. कायद्याच्या लेखी तो किरकोळ स्वरूपाचा गुन्हा, म्हणून शिक्षा झाली एक वर्षाचा तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलर दंड.

व्यासंग

वरील माहिती उत्तम आहे, पण एक बाजू सुटते आहे. कोळसा कंपन्या बुडाल्या त्या मुख्यतः शेल खडकातून निघालेल्या स्वस्त नैसर्गिक वायूमुळे. सर्व दोष लोभावर टाकला तर बाजाराचा भाग दिसेनासा होतो. शिवाय या खाणींना स्थानिक लोकांचा मोठा पाठिंबा होता. ज्या काउंटीत दुसरा रोजगारच नाही तेथे खाण बंद करा असे बाहेरून सांगणे सोपे आहे.

पिट्सबर्गवासी

व्यासंग यांचा वायूविषयीचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. २०११ मध्ये पोलादासाठी लागणाऱ्या कोळशाचा भाव शिखरावर असताना अल्फाने मॅसीला सुमारे ७१० कोटी डॉलरांना आणि आर्चने इंटरनॅशनल कोल ग्रूपला ३४० कोटींना घेतले. भाव असाच चढा राहील या भरवशावर मोठे कर्ज काढले गेले. भाव पडला तेव्हा कर्ज उरले. वायूने धंदा आखडला असता, पण अल्फा, आर्च आणि पीबॉडी या तिन्ही कंपन्या ऑगस्ट २०१५ ते एप्रिल २०१६ या आठ महिन्यांत दिवाळखोरीत गेल्या, त्याला ही कर्जे मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. हा निर्णय ना ओढ्याकाठच्या लोकांनी घेतला होता ना खाणीतल्या कामगारांनी.

स्थानिक पाठिंब्याबद्दल मी सावधपणे बोलेन. वेस्ट व्हर्जिनियात १९४० च्या दशकात लाखाहून अधिक लोक कोळसा खाणींत होते. यंत्रे आली, मग माथे उडवणे आले, आणि संख्या सतत घटत गेली. म्हणजे ज्या पद्धतीने डोंगर गेले त्याच पद्धतीने नोकऱ्याही गेल्या. जे कामावर उरले त्यांना ती नोकरी प्राणापेक्षा प्रिय वाटणे स्वाभाविक आहे. विरोधही त्याच घरांतून उभा राहिला. १९६५ मध्ये केंटकीच्या नॉट काउंटीत ऑली कोम्ब्स या ६१ वर्षांच्या विधवा बाई आपल्या जमिनीवर आलेल्या बुलडोझरपुढे बसल्या आणि पोलिसांनी त्यांना उचलून तुरुंगात नेले. त्या जमिनीखालच्या कोळशाचे हक्क पूर्वीच विकले गेले होते, आणि त्या जुन्या खरेदीखतांच्या जोरावर कंपन्या मालकाच्या संमतीशिवाय वरची जमीन उकरत असत. ही पद्धत मोडण्यासाठी केंटकीच्या मतदारांनी १९८८ मध्ये राज्यघटना दुरुस्त केली. वेस्ट व्हर्जिनियातील ज्युडी बाँड्स, ज्यांना २००३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, त्या खाण कामगाराच्याच कन्या होत्या. जुलै २०१९ मध्ये ब्लॅकज्युएल कंपनी अचानक बुडून पगाराचे धनादेश वटेनासे झाले, तेव्हा केंटकीच्या हार्लन काउंटीतील कामगारांनी कोळशाने भरलेली गाडी रुळांवर बसून अडवली आणि दोन महिने तेथे तळ दिला. कोळशाची बाजू आणि लोकांची बाजू या तेथे दोन वेगळ्या छावण्या नाहीत.

डॉ. वैजयंती

मी श्वसनविकारतज्ज्ञ आहे, म्हणून या विषयातील एका अंगाविषयीच लिहिते. डोंगर आणि ओढे यांच्याबरोबर कामगारांची फुप्फुसेही याच हिशेबात खर्च झाली.

२० नोव्हेंबर १९६८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टन येथे स्फोटात ७८ कामगार मेले आणि पुढच्या वर्षी केंद्रीय कायदा होऊन धुळीवर मर्यादा आली. ब्लॅक लंग हा खाणीतली धूळ फुप्फुसांत साचून होणारा आजार त्यानंतर खरोखर कमी होत गेला. मात्र या शतकात तो परत आला. व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य भागातील केवळ तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात त्याच्या सर्वांत गंभीर प्रकाराचे ४१६ रुग्ण नोंदवले गेले. कारण भूस्तर यांनी सांगितलेल्या पातळ थरांतच आहे. जाड थर संपल्यावर यंत्र कोळशाबरोबर वरखालचा वालुकाश्मही कापू लागले, आणि त्यातून उडणारी सिलिकाची धूळ कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी अधिक घातक असते. सिलिकाची मर्यादा निम्म्यावर आणणारा नियम खाणींसाठी २०२४ मध्ये, म्हणजे फार उशिरा, जाहीर झाला.

अपर बिग ब्रँचमध्ये मरण पावलेल्यांपैकी २४ जणांच्या फुप्फुसांची तपासणी शक्य झाली, त्यांतील १७ जणांत ब्लॅक लंगची लक्षणे आढळली. त्यांत तरुण माणसेही होती. स्फोट झाला नसता तरी त्यांच्यापैकी अनेकांना हा आजार गाठणारच होता. तो बरा होत नाही आणि वाढलेल्या अवस्थेत फुप्फुस प्रत्यारोपणाखेरीज फारसा उपाय उरत नाही.

मुक्ता स.

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अजून विचारते. राज्याची न्यायव्यवस्था कंपन्यांच्या प्रभावाखाली होती असे म्हणतात, ते कितपत खरे? आणि आज त्या जागांची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे?

भूस्तर

पहिल्याचे उत्तर देतो. वेस्ट व्हर्जिनियात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश निवडणुकीने येतात. मॅसीविरुद्ध ५ कोटी डॉलरांचा निकाल लागल्यावर, अपील त्या न्यायालयापुढे जाण्याच्या सुमारास, २००४ च्या निवडणुकीत ब्लँकनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवाराच्या बाजूने ३० लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन निवडून आले, त्यांनी प्रकरणातून बाजूला होण्यास नकार दिला, आणि मॅसीविरुद्धचा निकाल केवळ एका मताच्या फरकाने रद्द झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००९ मध्ये बेंजामिन यांनी बाजूला व्हायलाच हवे होते असे ठरवले, पण तोही निर्णय पाच विरुद्ध चार असा. यावरून प्रभावाचा अंदाज यावा.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो, कारण ती आपल्याशी संबंधित आहे. २०१० मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या जेएसडब्ल्यू स्टीलने वेस्ट व्हर्जिनियातील खाणी घेतल्या आणि एस्सार समूहाने तेथील व केंटकीतील ट्रिनिटी कोल विकत घेतली. ट्रिनिटीही २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकी कोळशाच्या मोठ्या ग्राहकांत आज भारताची गणना होते. तेव्हा हा विषय दूरच्या देशाचा म्हणून सोडून देता येत नाही.

पिट्सबर्गवासी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या तारखेवर अवलंबून आहे, आणि बहुतेक वाचकांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते. ऑगस्ट १९७७ पूर्वी सोडून दिलेल्या खाणींसाठी प्रत्येक टनामागे कंपन्यांकडून शुल्क घेऊन एक निधी चालवला जातो. उघड्या खाणींसाठी ते सुरुवातीला टनाला ३५ सेंट होते, आता ते कमी करून २२.४ सेंटांवर आणले आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने त्या जुन्या खाणींसाठी आणखी १,१३० कोटी डॉलर दिले. परंतु १९७७ नंतरच्या खाणी, म्हणजे ज्यांत बहुतेक सगळे डोंगरमाथे गेले त्या, या पैशाच्या कक्षेत मुळातच येत नाहीत. त्यांच्यासाठी फक्त हमीची रक्कम आणि राज्याचा तुटपुंजा निधी आहे.

पेट्रियटचीच पुढची कथा पाहा. २०१५ च्या दिवाळखोरीनंतर तिचे शंभराहून अधिक परवाने ईआरपी नावाच्या एका नव्या कंपनीकडे गेले. ती जमीन सुधारील, झाडे लावील असे सांगितले गेले होते. मार्च २०२० मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या पर्यावरण विभागाला न्यायालयात सांगावे लागले की ईआरपीकडे पैसे नाहीत, कामगार घरी गेले आहेत, आणि तिचे सगळे परवाने एकदम राज्याकडे आले तर राज्याचा निधीच बुडेल. न्यायालयाने त्या जागा सांभाळण्यासाठी एक प्रशासक नेमला. पीबॉडी आणि आर्च दोघीही तोवर दिवाळखोरीतून बाहेर पडून, कर्ज हलके करून, पुन्हा शेअर बाजारात आल्या होत्या.

ज्या भरावांतून सेलेनियम झिरपते तेथील पाणी दररोज शुद्ध करावे लागते आणि ते किती दशके करावे लागेल याला मर्यादा नाही. परवाना देताना धरलेल्या हमीच्या रकमेत हा खर्च बहुतेक ठिकाणी मोजलेलाच नव्हता.